दोर आहे म्हणून…

सह्याद्रीत दर शनिवारी-रविवारी माणसं घेऊन जाणाऱ्या तमाम ट्रेक आयोजकांना,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरायला लागला आणि माझ्या फोनवर तुमची पोस्टरं यायला लागली. परवा आलेल्या एकावर लिंगाण्याचा सुळका होता, मागे केशरी आभाळ आणि खाली चौकटीत तीन ओळी : "पूर्वानुभवाची गरज नाही. सर्व सेफ्टी इक्विपमेंट आम्ही देऊ. जागा मर्यादित." तिसऱ्या ओळीवर माझा विश्वास नाही, पण ते सोडा. मला पहिल्या दोन ओळींबद्दल बोलायचंय. त्या एकीखाली एक अशा छापल्यात, की दुसरी आहे म्हणून पहिली चालते असं वाचणाऱ्याला वाटावं.

मी कुणी मोठा गिर्यारोहक नाही. डोंबिवलीतल्या एका जुन्या मंडळातून 1993 पासून डोंगरात जातोय. गेली बारा वर्षं, कुणी अडकलं, हरवलं, पडलं की ज्यांना फोन जातो त्या यादीत माझंही नाव आहे. म्हणजे तुमचा रविवार बिघडला की माझा सोमवार बिघडतो. आपलं नातं एवढंच, आणि पत्र लिहायला तेवढं पुरतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. आम्ही पाच जण मदनगडाच्या पॅचखाली, म्हणजे दोर लावून चढायच्या उभ्या कातळाखाली, पोचलो तेव्हा आमच्या आधी एक मोठी तुकडी तिथे उभी होती. कुणाची ते लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणाचीही असू शकली असती. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, तेव्हापासून त्या टप्प्यांवर दोर लावूनच जावं लागतं. खाली उभं राहायला जागा बेताची, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या जागेत चाळीस-पंचेचाळीस माणसं कातळाला पाठ लावून रांगेत. वर एक जण बिले देतोय, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळतोय, खाली एक विशीतला पोरगा हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, चढवून देतोय, आणि मधली सगळी माणसं आपापल्या फोनमध्ये.

रांगेतला एक मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, मित्राला म्हणाला, "अरे थांब, मागची पूर्ण दरी येऊ दे," आणि दोन्ही हात सोडून मागे रेलायला लागला. कातळात ठोकलेल्या बोल्टमधून एक पट्टी आलेली, तिच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारा धातूचा आकडा, आणि तो त्याच्या कमरेला. लांबून बघितलं तर सगळं व्यवस्थित. लाल हेल्मेट, नवाकोरा हार्नेस. मी त्याच्यापासून तीन हातांवर होतो म्हणून दिसलं : कॅराबिनर हार्नेसच्या पुढच्या मुख्य लूपमध्ये नव्हताच. तो कमरेच्या बाजूला असते त्या बारीक प्लॅस्टिकच्या कडीत होता. तिला गिअर लूप म्हणतात. ती सामान टांगायला असते. चढताना दोन कॅराबिनर, एखादी पट्टी, पाण्याची छोटी बाटली, असलं काहीबाही. साठ-पासष्ट किलोचा माणूस तिच्यावर टांगायचा नसतो.

मी त्याच्या सॅकचा पट्टा धरला आणि त्याला कातळाकडे ओढलं. तो चिडला. म्हणाला, "काका, अडकवलंय ना!"

आणि त्याचं चुकलं नव्हतं हो. "अडकवल्याशिवाय पुढे यायचं नाही" असं त्याला सांगितलेलं, आणि त्याने अडकवलं. कशात अडकवायचं ते ऐकायला तो बहुतेक मागे राहिला, किंवा सांगणारा पंचेचाळिसाव्यांदा तेच सांगून थकला. कडी दाखवली तेव्हा त्याने खाली बघितलं, मग दरीकडे बघितलं आणि मग कातळाला पाठ लावून जो बसला तो त्याची पाळी येईपर्यंत उठला नाही. फोन मित्राकडेच राहिला.

तिथे दोर, पट्टी, हार्नेस यातलं काहीच नसतं तर तो पहिल्या मिनिटापासून तसाच बसला असता. ज्या जागेवर उभं राहायलाही पोटात गोळा यावा, तिथे तो मागे रेलला, कारण कमरेला काहीतरी आहे अशी त्याला खात्री होती. म्हणजे साधनाने त्याची भीती काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

ही काही मला नव्याने सुचलेली गोष्ट नाही. सुरक्षा वाढली की माणूस तेवढीच बेफिकिरी वाढवतो का, यावर अभ्यासकांचा कीस पाडून झालाय. म्युनिकमधल्या टॅक्सींचा प्रयोग त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. 1980 च्या दशकात तिथल्या एका ताफ्यातल्या काही टॅक्सींना ब्रेक लॉक न होणारी तेव्हाची नवी एबीएस यंत्रणा बसवली, बाकीच्यांना नाही. अपघात कमी व्हायला हवे होते. दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले. गुपचूप निरीक्षण केलं तेव्हा दिसलं, की नव्या ब्रेकवाले वळणं जोरात घेत होते, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जात होते. ब्रेकने जेवढं दिलं तेवढं त्यांनी वेगात खर्चून टाकलं.

पण याचा अर्थ साधनं वाईट असा कुणी काढू लागलं की मला पुण्यातला हेल्मेटसक्तीचा वाद आठवतो. तिथे लोकांनी मान दुखण्यापासून केस गळण्यापर्यंत सगळी कारणं दिली, त्यातच "हेल्मेट घातलं की माणूस गाडी जोरात हाणतो" हेही एक होतं. असेलही थोडं खरं. पण कवटी फुटण्याच्या हिशेबात ते थोडं फारच थोडं आहे. बर्फावर स्की करणारे हेल्मेटमुळे जास्त बेदरकार होतात का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा माझं पत्र वाचून कुणी हार्नेस घरी ठेवू नये. आणि 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तिथे कुणाकडे कसलं साधन होतं? साधन नसलं की माणूस आपोआप जपून राहतो, हेही खोटंच.

आमच्या पिढीतले काही जण म्हणतात, "आमच्या वेळी असले लाड नव्हते, म्हणून आम्ही सांभाळून चढायचो." मी त्यांच्याबरोबर चढलोय. आम्ही सांभाळून चढत नव्हतो, आम्ही नशिबाने खाली येत होतो. शिवाय एकूण माणसंच एवढी कमी असायची, की जे पडले त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आता माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी तुम्हाला शिकवायला बसलोय असं वाटणार नाही. नाणेघाटाच्या बाजूला एक भिंत आहे. तिच्यावरून आम्ही दोन हिवाळ्यांत तीन वेळा परत फिरलो होतो. मधला पंधरा-वीस फुटांचा पट्टा कुजका. हाताने ठोकला तर पोकळ वाजायचा. तेव्हा आमच्याकडे एक जुना दोर होता, त्याच्यावर कुणाचाच फारसा भरवसा नव्हता. मग वर्गणी काढून आम्ही नवा डायनॅमिक, म्हणजे ताणला जाऊन पडणाऱ्याला झेलणारा, रोप आणला, परदेशी, निळा, मधे पिवळी रेघ. तो आल्यावर पहिल्याच रविवारी कुठे गेलो असू? त्याच भिंतीवर. त्या पट्ट्याबद्दल चर्चासुद्धा झाली नाही. लीडला, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे, माझा मित्र होता, त्याच्या हातातली पकड निखळली, तो बारा-पंधरा फूट आला, नव्या दोराने त्याला झकास झेलला, आणि जाता जाता भिंतीला आपटून त्याचा घोटा मोडला. त्याला खाली आणायला मध्यरात्र झाली. परतीच्या एसटीत कुणीतरी म्हणालं, "दोर होता म्हणून वाचला." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. दोर होता म्हणूनच गेलो होतो, हे माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं जावी लागली.

पण त्यात आणि तुमच्या पोस्टरात एक फरक आहे, आणि पत्र त्याच्यासाठीच आहे. आमच्यात ज्याने धोका वाढवला तोच पडला. धोका वाढवायचं आम्ही ठरवलं आणि घोटा आमच्यातल्याच एकाचा मोडला. पुढच्या वेळी आम्ही ती भिंत सोडून दिली. तुमच्या ट्रेकवर धोका वाढवणारा एक असतो आणि टांगलेला दुसरा.

हंफ्री डेव्हीचा दिवा तुम्ही शाळेत वाचला असेल. 1815 साली इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींसाठी त्याने ज्योतीभोवती तारेची जाळी बसवलेला दिवा बनवला. खाणीतल्या वायूचा भडका उडू नये म्हणून. उत्तम दिवा होता. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पुढचं असं, की वायू फार म्हणून ज्या खाणी बंद ठेवल्या होत्या, त्या मालकांनी या दिव्याच्या जोरावर उघडल्या, माणसं आणखी खोल उतरवली, आणि हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च टाळला. स्फोट होतच राहिले. 1835 मध्ये ब्रिटिश संसदेची समिती बसली तेव्हा तिला दिसलं, की दिवा आल्यानंतरच्या वर्षांत माणसं कमी नाही, जास्तच मेली होती. यात बेफिकीर कोण झालं? दिवा हातात धरून खाली उतरलेला मजूर? तो तर होता तेवढाच घाबरलेला असणार.

म्हणून "सेफ्टी इक्विपमेंटमुळे आजकालची पोरं जास्त रिस्क घेतात का" असं जे तुमच्याही ग्रुपांवर अधूनमधून चालतं, त्यात प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. पोरं घेतात थोडी. तो गिअर लूपवाला घेत होता. पण खरं धाडस वाढलंय ते तुमचं. दोर आहे म्हणून दहाची तुकडी पंचेचाळिसाची झाली. दोर आहे म्हणून बाराव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत कुणीही चालतं. दोर आहे म्हणून जो धबधबा आपण ऑक्टोबरात, पाणी उतरल्यावर बघायचो, त्यात तुम्ही जुलैत माणसं उतरवता आणि त्याला वॉटरफॉल रॅपलिंग म्हणता.

पंचेचाळिसाचा हिशेब करून बघू. मदनसारख्या एका पॅचवर, सगळं सुरळीत चाललं तर, एका माणसाला पाच मिनिटं धरा. बांधणं, चढणं, वर सोडवणं, दोर खाली येणं, सगळं मिळून. नवख्याला पाच कमीच आहेत, पण धरू. पंचेचाळीस गुणिले पाच म्हणजे पावणेचार तास. उतरताना पुन्हा तेवढेच. साडेसात तास निव्वळ एका पॅचवर, आणि डिसेंबरात उजेड असतो अकरा तासांच्या आसपास. पायथ्यापासून चालत यायचं, वर किल्ला बघायचा, जेवायचं, परत जायचं. शेवटची दहा-पंधरा माणसं अंधारात उतरणार हे पोस्टर छापतानाच ठरलेलं असतं. त्या दहा-पंधरा जणांना देण्यासाठी तुमच्या सामानाच्या यादीत काहीच नसतं. असलंच तर हेडटॉर्च "स्वतःची आणावी".

हेल्मेटबद्दलही थोडं सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते टोपीसारखं वाटतं. चढाईच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी अशी असते : 5 किलोचा गोळा 2 मीटरवरून हेल्मेटवर सोडायचा आणि आतल्या डोक्याला किती दणका पोचला ते मोजायचं. आता बोराट्याच्या नाळेत या. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली दगडांनी भरलेली उभी घळ. लिंगाण्याला मोहरी गावाकडून जाणारे सगळे तिथूनच उतरतात. अर्ध्या किलोचा दगड, मुठीएवढाही नसतो. तो 20 मीटरवरून आला तर चाचणीतल्या गोळ्याएवढाच दणका देतो. शाळेतलं गणित आहे, वजन एक दशांश, उंची दहापट. नाळेच्या दोन्ही बाजूंचे कडे याच्या कितीतरी पट उंच. शिवाय तुमची चाळीस माणसं एकामागोमाग एक उतरत असतात, म्हणजे वरचा प्रत्येक जण खालच्यावर दगड सोडणारं यंत्र. हेल्मेट हवंच, मीही घालतो. पण नाळेत जीव वाचवतं ते माणसांमधलं अंतर. वरचे थांबले, खालचे वळणाच्या आड गेले, मग वरच्यांनी निघायचं. वेळ जातो. अंतराचा फोटो येत नाही, लाल हेल्मेटांच्या रांगेचा येतो.

तीच गोष्ट त्या पट्टीची. डायनॅमिक दोर ताणला जातो, म्हणून पडणाऱ्याला झेलतो. पट्टी जवळजवळ ताणली जात नाही. बोल्टच्या खाली, ती ताठ ठेवून उभं राहायला ती उत्तम. पण कंटाळलेला माणूस पट्टी बोल्टलाच ठेवून दोन पायऱ्या वर जाऊन बसतो, जागा बरी मिळाली म्हणून. तिथून घसरला तर ती पट्टी तुटू शकते. आणि नाही तुटली तर तो झटका त्याचं कंबरडं सहन करतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर तो विचारेल, "मग ही सेफ्टी कसली?" आणि त्याचं उत्तर पोस्टरच्या चौकटीत मावत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगला प्राथमिक कोर्सला चारेक आठवडे घालवतात, त्यातले कितीतरी तास नुसत्या गाठी, दोर आणि खडकावर. तुम्ही पायथ्याच्या गावात पोहे खाता खाता दहा मिनिटं देता. दहा मिनिटांत माणसाला हार्नेस घालता येतो. त्याच्यावर शंका घेता येत नाही. आणि शंका घेणं हाच तर साधन वापरण्यातला अर्धा भाग आहे. जुना चढणारा गाठ मारल्यावर एकदा, निघताना एकदा आणि कारण नसताना आणखी एकदा चाचपतो.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या चढलात की दोन्ही कडांना हाताच्या खोबण्या कोरलेल्या दिसतात. ज्याने त्या कोरल्या त्याचा हिशेब मला फार आवडतो. त्याने पायरी रुंद केली नाही, भीती घालवली नाही. पडणार नाही एवढी बोटं रुतायची सोय केली आणि बाकीचं माणसावर सोडलं. अर्थात ती शिबंदीच्या येण्याजाण्याची वाट होती. पौष महिन्यातल्या एका रविवारी तिथे खालून वर आणि वरून खाली अशा दोन रांगा एकमेकींत अडकतील, आणि खोबणीत एक हात अन् दुसऱ्यात फोन असेल, हे त्याला कुठून सुचणार?

आता आमच्याबद्दल. हा भाग लिहायला जड जातोय. बचावाला येणारे आम्ही लोकही साधनच आहोत. हे मला एका फोनने शिकवलं. रविवार, संध्याकाळचे सात वाजून गेलेले. पलीकडून शांत आवाज, घाबरलेला अजिबात नाही : "सर, आम्ही नऊ जण आहोत, वाट चुकलीय, अंधार झालाय, टॉर्च एकच आहे, माझी बॅटरी सहा टक्के आहे. लोकेशन पाठवतो. किती वेळात याल?" शेवटचं वाक्य ऐकून मी थोडा वेळ गप्पच झालो. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर विचारतात तसं ते होतं. ते निघाले होते दुपारी साडेबाराला. का? उशीर झाला तर काय, फोन आहे, रेंज आहे, लोक येतात. आम्ही गेलो, रात्री दोनला त्यांना खाली आणलं, गावातल्या एका ठाकर दादांनी वाट दाखवली नसती तर सकाळ झाली असती. पोरांनी आभार मानले, आमच्याबरोबर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयोजकाने तो फोटो टाकून खाली लिहिलं : "सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता." फोटोत मी हसतोय, ही त्यातली वाईट गोष्ट.

आम्ही फोन उचलणं बंद करणार नाही, तसं सुचवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण आमच्या असण्याच्या भरवशावर तुमची निघण्याची वेळ पुढे सरकत असेल, तर आम्ही म्युनिकच्या टॅक्सीतला ब्रेक झालोय. त्या टॅक्सीवाल्यांचं पुढे काय झालं तेही सांगायचं राहिलं. नंतर कंपनीने दुरुस्तीच्या खर्चातला काही भाग ड्रायव्हरांच्या माथी मारला, नोकरी जायची धास्ती घातली. अपघात लगेच खाली आले. ब्रेक तेच होते.

तुमच्या माथी काय आहे? 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनांचा दर्जा, सगळं कागदावर आलं. चांगलं झालं. पण कुठलीही तपासणी शेवटी मोजता येईल ते मोजते. हेल्मेटं किती, दोर किती मीटर, प्रथमोपचाराची पेटी आहे का. या हंगामात तुम्ही किती जणांना "तुम्हाला हा ट्रेक झेपणार नाही" म्हणालात, हे कुठल्या रकान्यात भरायचं? किती वेळा अर्ध्यातून परत फिरलात आणि पैसे परत दिलेत? माझ्या लेखी तुमची सुरक्षितता त्या दोन आकड्यांत आहे. ते दोन्ही शून्य असतील, तर तुमच्या गोदामात कितीही दोर असू देत.

पैशांचं मला कळतं. बसचं भाडं, गावातल्या जेवणाचे पैसे, मुलांचं मानधन, पंधरा माणसांत भागत नाही. भागत नसेल तर लिंगाणा पंधरा माणसांना महाग विका. नाहीतर त्या पंचेचाळीस जणांना राजगड दाखवा, पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाऊ घाला. तीही माणसं खूश होऊन घरी जातील. सगळ्यांनी सगळं करायलाच हवं असं डोंगराने कुठे म्हटलंय?

मला तुमच्याकडून फार काही नको. पोस्टरवरची "पूर्वानुभवाची गरज नाही" ही ओळ, जिथे दोर लागतो त्या प्रत्येक ट्रेकवरून काढा. तिच्या जागी लिहा, की आधी अमुक दोन सोपे ट्रेक आमच्याबरोबर किंवा दुसऱ्या कुणाबरोबर केलेले हवेत. लोक कुरकुरतील, दहा जण शेजारच्या आयोजकाकडे जातील. म्हणून हे एकेकट्याने करून उपयोग नाही आणि म्हणून पत्र सगळ्यांना लिहिलंय. ज्यांनी दोराला याआधी हात लावलेला नाही, त्यांना आदल्या रविवारी मुंब्र्याच्या नाहीतर तुमच्या जवळच्या कुठल्याही बुटक्या कातळावर बोलवा, आणि मुद्दाम पाडा. चार फूट. दोर झेलतो म्हणजे काय आणि झेलला तरी किती लागतं, ते एकदा अंगाला कळलं की पुढचं भाषण लागत नाही. आमच्या मंडळात हे करतो. पडून उठलेल्या माणसाचा पुढच्या रविवारचा फोन बहुतेक वेळा सॅकमध्येच असतो.

कुणाला यावर बोलायचं असेल, भांडायचं असेल, तर मी तयार आहे. शक्यतो शुक्रवारपर्यंत या. शनिवार-रविवार फोन मोकळा ठेवावा लागतो.

आपला,
डोंबिवलीचा एक जुना ट्रेकर

ता. क. : आज रात्री वेळ काढून तुमच्या हार्नेसच्या बाजूच्या त्या कडीजवळचं लेबल वाचा. बारीक अक्षरात छापलेलं असतं, चष्मा लागेल. माझ्या हार्नेसवर 5 किलो लिहिलंय.